बाबांच्या छातीजवळचं होकायंत्र

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. चुंबकाचे पट्टे विकून लोकांना नागवणाऱ्यांविरुद्ध मी पवनी तालुक्यात गावोगाव पत्रकं वाटली आहेत. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते. पण घडलं ते घडलं.

गोष्ट आमच्या आसगावची, त्र्याऐंशीच्या धानकापणीनंतरची. बाबांच्या छातीत दुखत होतं. भंडाऱ्याला नेऊन ईसीजी काढला. पट्टी बघून डॉक्टर म्हणाले, "नॉर्मल आहे, घरी न्या." इकडे आईनं अड्याळच्या बाजारातून चुंबकाचा पट्टा आणलेला. विकणारा म्हणे, हृदय स्वतःच चुंबक असतं!

मी भडकलो. हृदयात वीज असते, ती कातडीला तारा लावून ईसीजीत उमटते. चुंबकत्वही असतं, खरं आहे – पण इतकं क्षीण, की ते मोजायला बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खोली आणि अतिथंड यंत्र लागतं. त्यानं होकायंत्राची सुई हलणं अशक्य! हेच आईला दाखवायला पट्टा अंगणापार ठेवला आणि माझ्या पेटीतलं होकायंत्र बाबांच्या छातीवर धरलं.

"पाहून घे गा," बाबा हसले, "आत एस.टी.चं इंजिन तं नाही ना!"

सुई हलली. ठोका... ठोका... ठोका.

जवळपास लोखंड नको म्हणून बाबांच्या करदोड्याची किल्ली काढली. त्यांना खिळ्यांच्या बाजेवरून चटईवर घेतलं. हात हलत असेल म्हणून होकायंत्र छातीशेजारी लाकडी पाटावर ठेवलं. तरी तेच, नाडीबरोबर. माझ्या छातीजवळ मात्र सुई उत्तरेला गप्प.

पुन्हा बाबांजवळ नेलं. आता तिथंही गप्प. त्यांची नाडी माझ्या बोटाखाली नीट चालू होती.

"झालं का तुह्यं? आता च्या पिऊ दे."

च्या प्याले. दिवेलागणीला गेले.

आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "सुई काहून थांबली होती गा?"

तेरवीला, सुईची गोष्ट ऐकून, पट्टेवाला आला. "तुमचा अनुभव छापू, भाऊ." पट्टा त्याच्या अंगावर फेकला आणि त्याला हाकललं.

स्पष्टीकरण अजून माझ्याकडे नाही. आई अधूनमधून चटईवर आडवी होते, पाट शेजारी ओढते. "लाव ना गा. मले पाहू दे."

विज्ञान सांगतं, सुई हलणार नाही. नाही हलली, तर सगळं ठीक.

होकायंत्र मी पेटीतून काढत नाही.