काटेरी शेपटीची घोरपड

सासूबाई पुण्यात वारल्या तेव्हा माझा नवरा विमानात होता. तो घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. सिंगापूरला परत आल्यावर तो ऑफिसला जाऊ लागला, जेवत होता, विचारलं तर उत्तरही द्यायचा. आपणहून मात्र एक शब्द बोलायचा नाही.

बुओना व्हिस्टाला आमच्या फ्लॅटपासून जवळच एक कालवा होता. त्याच्या काठावर माणसाएवढ्या लांब घोरपडी ऊन खात पडलेल्या असायच्या. रविवारी हा तिथे जाऊन बसायचा. एकदा तिथून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "घरात ठेवता येईल एवढी लहान घोरपड असते का गं?"

तीन महिन्यांत त्याने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी हातातली भाजी तशीच ठेवली आणि लॅपटॉप उघडला.

पुढचा महिना आम्ही रोज जेवण झाल्यावर घोरपडी निवडत होतो. आफ्रिकेतली एक जात लहान म्हणून विकतात, पण ती वाढून मीटरभराची होते. एक काळीभोर, झाडावर राहणारी. दिसायला सुंदर, पण माणसाला घाबरून उपाशी राहते. सगळ्यात बुटकी वीतभरच असते, पण ती कुठे मिळेना. शेवटी त्याने ऑस्ट्रेलियातली काटेरी शेपटीची निवडली. दोन फुटांच्या आतली, नाकतोडे आणि झुरळं खाणारी. तिला बिळं करायला खोल माती लागते आणि हात भाजेल इतका गरम दगड. हे सांगताना त्याचा आवाज पूर्वीसारखा यायचा. मी ऐकत राहायचे.

इथे एकदोन जातींची कासवं सोडली तर सरपटणारं काहीच पाळायला परवानगी नाही, हे मला उशिरा कळलं. मी त्याला ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "माहितीये." आम्ही दोघं एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर राहत होतो; पकडलं असतं तर तोच गेला असता. तरी मी त्याला अडवलं नाही. तो पुन्हा गप्प होईल याची मला त्या कायद्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपमधून त्याने एक माणूस शोधला. शनिवारी भरदुपारी कार पार्कच्या वरच्या मजल्यावर त्या माणसाने आमच्या हातात खाऊचा डबा दिला. डब्यात गाठ मारलेला मोजा, आणि मोज्यात ती.

घरी आणून, वर उबेचा दिवा लावलेल्या काचेच्या पेटीत मातीवर सोडली तेव्हा लक्षात आलं, तिचे डोळे आत गेले होते. शेपटीच्या बुडाशी हाडं दिसत होती. प्रवासात असं होतं, दोन दिवसांत खायला लागेल, असं तो म्हणाला. पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानातून त्याने नाकतोडे आणले. ते तिच्या अंगावरून चालायचे आणि ती हलायचीही नाही. अकराव्या दिवशी तिच्या तोंडातून फेस यायला लागला.

त्याने तिला टॉवेलमध्ये घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टरकडे नेतो."

"आणि त्यांनी कळवलं तर? पास जाईल आपला."

तो दारात उभा राहिला, बूट घातलेला. मग आत आला आणि तिला परत मातीवर ठेवलं. मला बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याला रॅफल्स प्लेसला ऑफिसला जावंच लागलं. मी घरून काम करत होते. तिच्याजवळ बस, एवढंच तो सांगून गेला. दुपारी माझा एक कॉल लांबला. मग मी कपडे वाळत घातले. त्यानंतर आत गेले तर ती दिव्याखाली पसरली होती आणि एका नाकतोड्याने तिच्या डोळ्याचा कोपरा कुरतडला होता. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "दिवा बंद कर."

पुरायला जागा नव्हती. खाली बागेत खणलं असतं तर चारशे खिडक्यांतून दिसलं असतं. स्वयंपाकघरात कचरा टाकायची झडप होती, तिथून थेट तळमजल्यावर जायचं सगळं. तो आल्यावर तिला वर्तमानपत्रात गुंडाळलं. त्याच्याच्याने टाकवेना, म्हणून मी टाकलं. आठव्या मजल्यावरून ते आपटत गेलेलं आम्ही दोघांनी ऐकलं.

हात धुताना त्याने विचारलं, "शेवटी तू जवळ होतीस ना?"

मी हो म्हटलं. मग तो रडला. आईसाठी न रडलेला माणूस स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून रडला, आणि मी त्याच्या पाठीवर ओला हात ठेवून उभी होते.

काचेची पेटी मासे पाळणाऱ्या एका शेजाऱ्याने नेली. माती आम्ही पिशव्यांतून थोडी थोडी खाली नेऊन टाकली, त्यालाच आठवडा गेला. हळूहळू नवरा बोलू लागला. ऑफिसचं, जेवणाचं, एमआरटी ट्रेन बंद पडल्याचं. आम्ही आणखी तीन वर्षं त्या घरात राहिलो. त्या दुपारी मी कुठे होते, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.