गजाची दाढ आणि गाडीची पुट्टी

आमच्या कुंभिवलीत गजाच्या तोंडात न डोकावलेला माणूस नाही, आणि हौसेने डोकावलेला एकही नाही. तो बोलतानाच एवढा आ वासतो, त्याला आपण काय करणार? माझं घर त्याच्या घराला लागून, म्हणून मला हे दर्शन रोजचं.

गजा हायवेवर गॅरेजात गाड्यांचे पोचे काढतो. पंचवीस वर्षं हेच काम. घरची भातशेती आहे, पण चिखलात त्याचं मन कधी रमलं नाही. ठोकलेला पत्रा सरळ करून, खड्ड्यात पुट्टी भरून, घासून, रंग मारून गाडी दिली, की ठोकर कुठे लागली होती ते मालकालाही सापडत नाही. हात सोन्याचा. तोंडाचं मात्र सांगतो, पण जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या.

उजवीकडच्या खालच्या दाढेला भोक पडलं तेव्हा ते मोहरीएवढं होतं. त्याच बाजूला तंबाखूचा बार धरून धरून गजाने ते वाटाण्याएवढं केलं. जेवल्यावर त्यात जे काय अडकेल ते सायकलच्या तारेने कोरून काढायचा. काढायचा तर काढायचा, वर नाकाशी नेऊन वास घ्यायचा! मग पँटला पुसायचा. एकदा माझ्याच ओट्यावर बसून त्याने आदल्या दिवशीच्या कालवणातला जवळा अख्खा बाहेर काढून दाखवला, मिशांसकट. मी हातातला चहा मोरीत ओतला.

"गजा, अरे तोंड आहे का उकिरडा?"

"दुखत तर नाय ना, दादा? मंग झालं तर."

त्याचं दुखत नव्हतं, पण दुसऱ्यांच्या नाकाचं काय? तुंबलेल्या गटाराला येतो ना, तसला गोडसर कुजका वास. गॅरेजात गिऱ्हाईकं गाडीच्या पलीकडून बोलायची. त्याची बायको विनिता आधी पाठ करून झोपायची. मग तिने अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं. शिमगा झाला आणि ती सरळ पिशवी भरून कशेळ्याला भावाकडे निघाली. जाताना सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बजावलं, "ती दाढ भर, मंगच न्यायला ये. तवर मी नाय येत."

दोन दिवस गजा ऐटीत होता. तिसऱ्या दिवशी करपलेला भात घेऊन माझ्या ओट्यावर आला. "दादा, तिच्याबिगर घर खायला उठतंय रं." डोळ्यांत पाणी. मला खरंच वाईट वाटलं. पण तो जवळ सरकला तसा मी मागे सरकलो.

"मग जा की दाताच्या डॉक्टरकडे."

"भरायचीच हाय ना? मंग डाक्टर कशाला? मी रोज काय करतो?"

मला वाटलं थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी आला तो आ करूनच. दाढेत राखाडी पुट्टी! हार्डनर मिसळून, बोटाने दाबून बसवलेली, वरून पॉलिश पेपर मारलेला.

"बघ, जोड दिसतो का कुठं?"

खोटं कशाला बोलू, दिसत नव्हता. पण काळ्या-पिवळ्या दातांच्या ओळीत ती गुळगुळीत दाढ बघून मी डोळेच मिटले.

"उद्या तुझी व्हॅन काढ, दादा. तिला आणू."

उद्या उजाडला तो गजाचा गाल बटाटेवड्यासारखा फुगवून. उजवा डोळा निम्मा मिटलेला, अंगात ताप, आणि अंगावर नवा शर्ट. कशेळ्यापर्यंत गडी कण्हत आला.

विनिता दारातच उभी होती. तिने गाल बघितला, मोबाईलची बत्ती लावली. "आ कर."

गजाने जमेल तेवढा केला. तिने आत बघितलं, बाजूला झाली आणि अंगणात थुंकली.

"काय भरलंस हे?"

"पुट्टी. तूच म्हनालीस ना, भर म्हनून."

"मुडद्या! लोकांच्या गाडीचा गंज खरवडल्याबिगर पुट्टीच्या डब्याला हात लावत नाय तू. आनि आपल्या दाढेतली घाण तशीच आत ठेवून वरून झाकण मारलंस?"

मला हसू फुटलं. ती माझ्यावर उलटली. "हसताय काय, भावोजी? शेजारी राहून मजा बघत बसलात!"

व्हॅनमध्ये ती पुढे बसली, पदर नाकाला. "घरी नाय येत मी. कर्जतला दवाखान्यापर्यंत येते, बस."

डॉक्टर सुचेताबाईंनी गजाला खुर्चीवर आडवा केला आणि दिवा तोंडावर आणला. "हे काय भरलंय?"

"पुट्टी," मी म्हणालो.

"भिंतीची?"

"गाडीची."

बाईंनी मास्कवर दुसरा मास्क चढवला. सुई देऊन त्यांनी आकड्याने पुट्टी उचकटली. ती टणकन ताटलीत पडली आणि तिच्यामागून जे बाहेर आलं ते मी लिहिणार होतो, पण हात धजत नाही. पिवळं होतं, हिरवं होतं, आणि वास असा, की टाकीत घूस मरून आठवडा झाला असावा. मी भिंतीकडे तोंड केलं. विनिता मात्र जागची हलली नाही. गजाने तिची बोटं घट्ट धरली होती.

"ही दाढ गेली," बाई म्हणाल्या. "सूज उतरली की काढू. पण आणखी दोन दाढा किडल्यात. त्या नीट साफ करून भरल्या तर वाचतील."

विनिताने गजाकडे बघितलं. "ह्या दोन अशाच सोडून मी कशेळ्याला गेले तर हा त्यातबी पुट्टी भरील." आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "भावोजी, गाडी कुंभिवलीला घ्या." गजाचा सुजलेला चेहरा एका बाजूने खुलला. "हसू नको," ती म्हणाली. "अंथरूण दुसऱ्या खोलीतच हाय माझं." त्याच्या खिशातली तंबाखूची पुडी तिने खिडकीतून भिरकावली.

दुसऱ्या खेपेला दाढ काढली. तिसऱ्या खेपेला एक भरली. चौथ्या खेपेला दुसरी. भरण्याआधी बाई खरवडत होत्या तेव्हा गजा, तोंडात नळी असतानाही, मान हलवून पसंती देत होता.

चौथ्या खेपेहून परतताना विनिता पुढे बसलीच नाही. मागे, त्याच्या शेजारी बसली. कर्जतच्या नाक्यावर मी तीन वडे घेतले, माझा पुढेच खाल्ला. मागे गजाने नव्याने भरलेल्या दाढेने घास घेतला.

"लागतंय का रं?"

"नाय गं. बघ चावून, मस्त हाय."

आरशात बघतो तर त्याने अर्धा चावलेला, लाळेने चकाकणारा तो वडा विनिताने त्याच्या हातातून घेतला आणि सगळाच्या सगळा खाल्ला.

श्शी!