गाडी नसलेलं गाव

आमच्या शेजारच्या उपेंद्रराव परचुऱ्यांना मी चालताना क्वचितच पाहिलं आहे. घरातून लिफ्ट, लिफ्टमधून बेसमेंट, बेसमेंटमधून गाडी. चहाची तल्लफ आली तरी कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवायचा, की आतला माणूस करक चहाचा, म्हणजे इथल्या दाट दुधाळ चहाचा, कागदी कप घेऊन खिडकीशी हजर. जिमला मात्र नेमाने जातात. जिम दोन इमारती सोडून आहे, म्हणून गाडीने जातात, आणि तिथे पोचून ट्रेडमिलवर चालतात.

अबुधाबीत तेलाच्या एका कंत्राटदाराकडे ते प्लॅनिंग बघतात. रोज दुबईतल्या आमच्या ऊद मेथाहून तिकडे जायचं आणि परत यायचं, असं अठरा वर्षं चाललंय. त्यामुळे नाश्ता गाडीत, आईला फोन गाडीतून आणि बायकोशी बोलणंही गाडीतच. घरी वेळ कुठे असतो? घरी ऑफिसचे कॉल असतात.

त्यांची बायको सुजाता पुण्यात फिजिओथेरपिस्ट होती. इथे आल्यावर प्रॅक्टिसच्या लायसन्सची परीक्षा 'पुढच्या वर्षी' द्यायची ठरली, आणि ते पुढचं वर्ष अजून यायचंय. आता मार्चमध्ये त्यांच्या वेदांगची बारावी संपते. सुजाताची मैत्रीण रंभा कोथरूडला क्लिनिक काढतेय, तिला भागीदार हवी आहे आणि नाताळच्या आत हो की नाही ते कळायला हवंय. सुजाताला जायचंच आहे. फक्त नवऱ्यासकट जायचंय, एवढाच तिचा हट्ट.

तिने गाडीत विषय काढायचा अवकाश.

"उपेंद्र, मार्चनंतरचं काय?"

"आत्ता नको गं, एक्झिट चुकेल."

कारण बिनतोड आहे. इथे एक एक्झिट चुकली की परत फिरायला जागा मिळेपर्यंत माणूस दुसऱ्या अमिरातीच्या वाटेला लागतो. एक्झिट सापडली की सिग्नल, सिग्नलनंतर पार्किंगची शोधाशोध, आणि पार्किंग मिळालं की "चला, खलास, पोचलो." विषय पुढच्या फेरीपर्यंत तहकूब.

म्हणून डिसेंबरात इथल्या नॅशनल डेची सुट्टी वीकेंडला जोडून आली, तेव्हा सुजाताने व्हेनिसची तिकिटं काढली. उपेंद्रराव खूश. बायकोला या वयात रोमान्स सुचला म्हणून ऑफिसभर सांगत सुटले. खरं कारण तिने मला कानात सांगितलं होतं, "तिथे गाडी नाही गं. कालव्यांतून होड्या आणि गल्ल्यांतून पाय. पळून जाईल कुठे?"

निघायच्या आदल्या दिवशी उपेंद्ररावांनी अभिमानाने जाहीर केलं की त्यांनी गाडी बुक केली आहे.

"अरे, तिथे रस्तेच नाहीत," सुजाता म्हणाली.

"रस्ता नाही असं गाव असतं का कुठे? आणि फॅमिली घेऊन गाडीशिवाय फिरायचं? डोन्ट वरी, ऑटोमॅटिक आहे."

वेदांगचा मुक्काम चार दिवस आमच्याकडे होता. तो फ्रिजमध्ये तोंड घालून म्हणाला, "काकू, ही रेंटेड अ कार. इन व्हेनिस." आणि परत गाजरहलव्याकडे वळला.

तर गाडी व्हेनिसच्या विमानतळावरून निघाली, समुद्रावरच्या लांबलचक पुलावरून गेली आणि शहराच्या तोंडाशी एका पार्किंगच्या इमारतीत शिरली. तिथून पुढे फक्त पाणी आणि पायऱ्यांचे पूल. पार्किंगवाल्याने हाताने खूण केली, गाडी इथेच. उपेंद्ररावांनी दुबईच्या सवयीने त्यालाही "यल्ला, चला, समथिंग विल बी देअर" म्हणून पाहिलं. मग थर्मलच्या कपड्यांनी ठासून भरलेल्या बॅगा उचलून पहिला पूल चढले आणि वर पोचून बराच वेळ देखावा बघत उभे राहिले. सुजाता म्हणते, देखावा नव्हता, दम लागला होता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर "जरा गाडी बघून येतो" म्हणाले. दुपारी पुन्हा. सासरी दिलेल्या मुलीला भेटायला जावं तशा त्या फेऱ्या. बाकीची माणसं होडीत बसून फोटो काढत होती, आणि हे गृहस्थ पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर टायर बघत होते.

संध्याकाळी धुकं उतरलं आणि दोघं चुकले. फोनवरचा नकाशाही त्या गल्ल्यांत गोंधळला होता. "मला दिशा कळते, लेफ्ट घे," असं म्हणत उपेंद्रराव पुढे झाले. गल्ली अरुंद होत गेली, वळली आणि थेट पाण्यात संपली. समोर शेवाळलेल्या तीन पायऱ्या, पुढे काळा कालवा.

सुजाता तिथेच उभी राहिली. "उपेंद्र, मार्चनंतरचं काय?"

"आत्ता नको..." ते म्हणाले, आणि पुढचं काही सुचेना. सिग्नल नाही, पार्किंग नाही, समोर पाणी. थंडीने दात वाजत होते.

"मला भीती वाटते गं," ते शेवटी म्हणाले. "दुबईत रोज सकाळी उठून कुठेतरी जायचं असतं मला. पुण्यात तू क्लिनिकला जाशील. मी काय करू? गॅलरीत बसू?"

सुजाताने पैसे, आईबाबा, वेदांगचं कॉलेज, सगळ्या मुद्द्यांची तयारी केली होती. याची नव्हती. कीव यायच्या आधी तिला भयंकर राग आला.

"अठरा वर्षं मी तिथेच बसलेय, उपेंद्र. गॅलरीत."

उपेंद्रराव वळले आणि या वेळी दिशा न सांगता तिच्या मागून हॉटेलकडे चालू लागले. नंतर बोलले ते फक्त नाश्त्याचं आणि बॅगांचं. परत निघेपर्यंत गाडी बघायलाही गेले नाहीत, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं. आता तो विषय काढायचा नाही, एकटीनेच जायचं, असं तिने विमानात मनाशी पक्कं केलं होतं. हे तिने मला नंतर सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

दुबईत विमानतळाच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी दिसली, तसा उपेंद्ररावांचा रुबाब कूलिंग सीटसकट परत आला. घराच्या वाटेवरच्या गऱ्हूदच्या पुलावर सुजाता खिडकीबाहेर बघत होती.

"रंभाचं क्लिनिक कितव्या मजल्यावर आहे?" ते म्हणाले.

"पहिल्या. का?"

"गुडघ्याचे पेशंट जिना कसा चढणार? लिफ्ट आहे? आणि अपॉइंटमेंट्स कोण बघणार? तुम्ही दोघी पेशंटमध्ये असणार. हे सगळं कुणीतरी नीट प्लॅन करायला पाहिजे."

"तू करशील?"

"मी नाही तर कोण? तू आधी सांग, पहिला पेशंट किती वाजता येणार?"

ती सांगायला लागली.

इकडे आमच्याकडे वरण-भात निवत चालला होता आणि वेदांगने तीनदा "व्हेअर आर दे?" विचारलं होतं. शेवटी मी फोन लावला. "अगं, केव्हाच उतरलात ना? आहात कुठे?"

"जबल अलीच्या पुढे, अबुधाबीच्या वाटेवर," सुजाता म्हणाली. "एक्झिट चुकली."

"उपेंद्ररावांची?"

"हो. मला दिसली होती, पण तो बोलत होता. म्हणून नाही सांगितलं."