स्टेपनीची बाजू

मुंबईत असताना शमशोन झिराडकर एका संग्रहालयात नमुने बनवत असे. काचेच्या पेट्यांमध्ये मांडलेला कोकणातला तेलघाणा, कोळ्यांचा पडाव, लढाईच्या काळात फंडासाठी भरवलेल्या प्रदर्शनातली लष्करी लॉरी, असली कामं त्याच्या हातची होती. घाण्यासाठी त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. त्याचे आजोबा, कोकणातले ज्यू तेली, झिराडला शनिवार सोडून रोज घाणा चालवत. बाकीच्या वेळी मात्र माहितगार माणूस शोधून त्याच्याकडून सगळं काढून घ्यावं लागे, आणि त्यासाठी शमशोनची एक रीत ठरून गेली होती. माणसाला त्याचं गाव कसं आहे असं विचारलं तर तो गावासारखं गाव म्हणतो आणि गप्प बसतो. त्यापेक्षा ऐकीव माहितीवर एक नमुना करायचा आणि त्याच्यापुढे ठेवायचा. त्यातली चूक दिसली की माणूस बोलू लागतो, मग थांबत नाही.

एकोणीसशे एकोणसाठ साली तो बायको त्सिपोरा आणि मुलगा रूबी यांना घेऊन इस्रायलला आला आणि वाळवंटातल्या येरुहाम गावात राहिला. कारखान्यात साच्यांच्या खात्यात त्याला काम मिळालं. घर दोन खोल्यांचं, सरकारी. दार उघडं राहिलं की वाळू थेट स्वयंपाकघरापर्यंत येई. नमुने करणं सुटलं. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली आणि चार वर्षं तिथेच राहिली.

ती बाहेर निघाली त्रेसष्ट सालच्या हिवाळ्याच्या तोंडाला, रूबीमुळे.

रूबी सैन्यात ड्रायव्हर होता. एकोणीस वर्षांचा, अंगाने बापापेक्षा हातभर उंच. तुकडीत त्याला रेऊवेन म्हणत. सरावाच्या वेळी त्याची कमांडकार, म्हणजे उघड्या टपाची लष्करी मोटार, कोरड्या ओढ्याच्या वाळूत रुतली. निसीम नावाचा त्याचा दोस्त चाकाखाली फळी सरकवायला उतरला. ‘आखोरा’, म्हणजे मागे घे, अशी हाक आली. रूबीने गाडी मागे घेतली आणि निसीमचा पाय चाक आणि फळी यांच्यामध्ये सापडला. हाड दोन ठिकाणी मोडलं. चौकशी झाली, अपघात म्हणून मिटली, रूबीला दोष लागला नाही. निसीम बेर शेवाच्या इस्पितळात होता आणि रूबी रजेवर घरी.

घरी येऊन तो पहिल्या संध्याकाळी एकच वाक्य बोलला. “तो माझ्याच बाजूला होता, मागच्या चाकाशी. मला दिसायला हवा होता.” त्यानंतर त्याने तोंड मिटलं. जेवायला हाक मारली तर जेवे. त्सिपोराने मराठीत विचारलं की हिब्रूत ‘लो’ म्हणे, नाही. इस्पितळात जायचं? लो. निसीमला निरोप द्यायचा? लो. एकदा मात्र त्याने आपण होऊन सांगितलं, की रजा संपली की भटारखान्यात काम मागणार, यापुढे स्टिअरिंगला हात लावणार नाही.

त्सिपोराने एलियाहू हन्नाबीला, म्हणजे प्रेषित एलियाहूला, गोड पोह्यांचा मलिदा बोलला. पोरगा उठून दोस्ताला भेटायला गेला की मलिदा करीन, असा नवस.

“पोहे आहेत का घरात?” शमशोनने विचारलं.

“वन्संनी मुंबईहून धाडलेत, ते राखून ठेवलेत. तुम्ही पोह्यांची काळजी करू नका. तुम्ही काय करणार ते सांगा.”

शमशोनने पलंगाखालची पेटी ओढली.

फुटाला अर्धा इंच असं प्रमाण त्याने धरलं. गाडी सुमारे सात इंचांची झाली. सार्डिनच्या डब्यांचा पत्रा कापून त्याने बॉनेट आणि बाजू वळवल्या. चाकं औषधाच्या बाटल्यांच्या रबरी बुचांची केली आणि त्यांच्यावर गरम सुईने नक्षी पाडली. जुन्या वर्तमानपत्रात कमांडकारचा एक फोटो होता, डाव्या अंगाने काढलेला. त्यात पुढच्या बैठकीशेजारी, जिथे दार असायला हवं तिथे, स्टेपनी अडकवलेली दिसत होती. आत कोण कुठे बसलंय ते मात्र त्या डागाळलेल्या छपाईत कळत नव्हतं. शमशोनने स्टेपनी फोटोबरहुकूम डाव्या बाजूला लावली. आतलं सगळं, स्टिअरिंग, गिअरची दांडी, बैठका, त्याने न बघता केलं. लढाईच्या वेळची ती लॉरी त्याच्या हातात मुरलेली होती.

ओढ्याची जमीन त्याने लाकडी पाटावर प्लास्टर ओतून बनवली आणि तिच्यावर परसातली वाळू पसरली. वाळू चाळलेली हवी होती.

“ती माझी पिठाची चाळण आहे,” त्सिपोरा म्हणाली.

“धुऊन देतो.”

“वाळू धुऊन जाते, असं कोण म्हणालं तुम्हाला? चार वर्षं मी हे घर धुतेय.”

माणसं तारेची केली, दोरा गुंडाळून, वर मेण. ड्रायव्हरची मान त्याने मागे वळलेली ठेवली. निसीमला त्याने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला एक मध्यम शरीर दिलं आणि गुडघे दुमडून उकिडवा केला. प्रत्येक माणसाच्या बुडाला टाचणी होती, ती रोवली की माणूस जागेवर बसे. ड्रायव्हर उजव्या बैठकीवर बसला. निसीम त्याच्याच बाजूला, उजव्या मागच्या चाकाशी. रूबी म्हणाला होता तसाच.

मग शमशोनने एक गोष्ट केली जी तो संग्रहालयात नेहमी करत असे. पेटीतल्या माणसाला समोरची वस्तू खरोखर दिसेल का, हे पाहायला तो त्याच्या डोळ्यापासून त्या वस्तूपर्यंत दोरा ताणत असे. दोरा मध्ये कशाला टेकला तर दिसत नाही, मोकळा गेला तर दिसतं. त्याने ड्रायव्हरच्या कपाळाला दोऱ्याचं टोक धरलं आणि दुसरं निसीमच्या डोक्याशी नेलं. दोरा मोकळा गेला. मध्ये काहीही नव्हतं, स्टेपनी तर पलीकडच्या बाजूला होती.

त्याने दोनदा करून पाहिलं. मग हत्यारं आवरली.

पोराला निसीम दिसत होता. दिसत असताना त्याने गाडी मागे घेतली, कशी ते देव जाणे, आणि तेच त्याला खातंय. शमशोनने हे बायकोला सांगितलं नाही. नमुना रूबीपुढे ठेवायचा बेत त्याने सोडला, कारण जे पोराला आधीच ठाऊक आहे ते त्याच्यापुढे पत्र्यात करून ठेवण्यात अर्थ नव्हता. सगळा पाट त्याने कपाटावर चढवला आणि वर एक फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याच्या हातून एक साचा फुटला.

पण त्याने टाकलेलं फडकं शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिवसाच्या, पावावर घालायचं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्सिपोरा ते शोधत कपाटापर्यंत पोचली. तिने पाट खाली उतरवून टेबलावर ठेवला, फडकं झटकलं आणि वाळू जमिनीवर पडली म्हणून नवऱ्याला चार शब्द सुनावले. शमशोन दाढी करत होता. तो साबण लावलेल्या तोंडानेच धावला, पण रूबी चहाला येऊन बसला होता. नमुना त्याच्या पुढ्यात होता.

रूबीने बराच वेळ पाहिलं. मग त्याने बोट पुढे केलं.

“पप्पा, हा इथे कशाला बसवलाय?” तो मराठीत बोलला.

“कोण?”

“ड्रायव्हर. हा काय मुंबईचा ड्रायव्हर आहे?” त्याच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. “स्टिअरिंग डावीकडे असतं. इथल्या सगळ्या गाड्यांना डावीकडे असतं. तुम्ही दर आठवड्याला बेर शेवाला जाता. बसचा ड्रायव्हर कुठे बसतो?”

शमशोनला क्षणभर विचार करावा लागला. चार वर्षं तो त्या बसमध्ये चढत होता आणि ड्रायव्हरला तिकिटाचे पैसे देत होता.

“डावीकडे,” तो म्हणाला.

“मग?”

“अरे, पण तू म्हणालास, निसीम तुझ्याच बाजूला होता.”

“हो. डावीकडे. स्टेपनीच्या मागे.” रूबीने वाळूत बोट टेकवलं. “इथे. ही स्टेपनी ड्रायव्हरच्या बगलेलाच असते. त्या बाजूने उतरतादेखील येत नाही, पलीकडून चढावं लागतं.”

शमशोनने पेटीतून चिमटा आणला. साबण त्याच्या गालावर वाळत चालला होता. ड्रायव्हर उपटून त्याने डाव्या बैठकीत रोवला, पत्र्याचं स्टिअरिंग कापून तिकडे टेकवलं, निसीमला उचलून डाव्या मागच्या चाकाशी ठेवलं. आणि दोऱ्याचं टोक ड्रायव्हरच्या कपाळाला धरलं.

दोरा स्टेपनीला टेकला.

रूबीने बापाच्या हातातून दोरा घेतला. त्याने स्वतः ताणून पाहिला. मग ड्रायव्हरला थोडा बाहेर वाकवून पाहिलं, मग मान उंच करून, मग जागेवर जितका मागे रेलेल तितका रेलवून. तो स्वतःला पकडायला निघाला होता हे शमशोनला दिसत होतं, आणि त्याने त्याला अडवलं नाही. प्रत्येक वेळी दोरा त्या रबराच्या काठाला लागत होता.

“मी मान वळवली होती,” रूबी म्हणाला. “तेवढं पक्कं आठवतं. काय दिसलं ते आठवत नाही. मला वाटलं मी खोटं बोलतोय.”

“कुणाशी?”

“चौकशीत. दिसलं नाही म्हणालो होतो.”

त्सिपोरा दाराशी उभी होती, फडकं हातात धरून.

“उतरून बघायला हवं होतं,” रूबी म्हणाला.

“हवं होतं,” शमशोन म्हणाला. “ते आहेच. पुढच्या वेळी उतर.”

पुढच्या वेळी म्हणजे कधी, हे रूबीने विचारलं नाही. तो चहा प्यायला. गार झाला होता तरी प्यायला आणि दुसरा मागितला. शमशोन वाळलेला साबण धुऊन दाढी पुरी करायला गेला.

शब्बाथ उलटल्यावर, रविवारी सकाळी, त्सिपोराने मलिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, पाकिटातलं सुकं खोबरं, बदाम, वर केळ्याचे आणि संत्र्याचे तुकडे. ओलं खोबरं नाही, याबद्दल तिने एलियाहू हन्नाबीची मनातल्या मनात माफी मागितली असावी. खरं म्हणजे नवस पुरा व्हायच्या आधीच तिने तो फेडला, कारण रूबीने अजून घराबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं.

“गेला नाही तर?” शमशोनने विचारलं.

“बूट घातलेत त्याने,” ती म्हणाली.

शमशोनने कारखान्यात सुटी सांगितली. बसमध्ये तो पाट मांडीवर घेऊन बसला, रूबीच्या मांडीवर मलिद्याचा डबा. चढताना शमशोनने ड्रायव्हरकडे मुद्दाम निरखून पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, “काय झालं, आजोबा? ओळखता का मला?”

निसीम खिडकीपाशी होता, पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. बुटका, जाड, मोरोक्कोहून आलेल्या घरातला. रूबीला पाहून त्याने आधी डोकं उशीत टाकलं.

“जिवंत आहेस?” तो म्हणाला. “मला वाटलं गाडी तुझ्याच अंगावरून गेली. पत्ते खेळायला माणूस नाही इथे. शेजारचा म्हातारा दिवसभर झोपतो.”

रूबी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याने काहीतरी पाठ करून आणलं होतं, ते त्याला सुरूच करता येईना. शेवटी त्याने पाट निसीमच्या पोटावर ठेवला.

निसीमने नमुना फिरवून पाहिला. “हा मी?”

“हो.”

“एवढा बारीक? वा.” त्याने शमशोनकडे पाहून मान झुकवली. मग चाकाशी बोट नेलं. “इथेच. मी तुला आखोरा म्हणालो, आणि म्हणाल्यावर बघतो तर फळी तिरकी. म्हणून परत वाकलो. तुला थांब म्हणायचं सोडून वाकलो. आई रोज येऊन मला गाढव म्हणते, तू पण म्हण.”

“गाढव,” रूबी म्हणाला, आणि पलंगाच्या कडेला बसला.

डॉक्टरांच्या मते पाय बरा होणार होता, पावसाळी थंडीत दुखेल एवढंच. निसीमने हे सांगता सांगता मलिद्याचा डबा उघडला, बोटांनी खाल्लं आणि लग्न कुणाचं म्हणून विचारलं. रूबीने त्याला नवस समजावून सांगितला. निसीमच्या घरीही संतांना नवस बोलत, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. फक्त पोहे म्हणजे काय, ते बापलेकांना हिब्रूत सांगता येईना.

“अजून एक,” निसीम म्हणाला. “हे मी इथे खिडकीत ठेवणार. पण मला चाकाखाली ठेवू नका. आई बघेल तर रडेल.”

शमशोनने खिशातून चिमटा काढला. तो त्याने सवयीने आणला होता. चाकाशी वाकलेला माणूस त्याने उपटला आणि कुठे ठेवावा म्हणून पाहिलं. उजव्या बैठकीत एक भोक होतं, चुकीच्या ड्रायव्हरच्या टाचणीचं. गुडघे आधीच दुमडलेले होते. टाचणी सहज आत गेली आणि निसीम ड्रायव्हरच्या शेजारी बसला.

“आता बरं,” निसीम म्हणाला. “रेऊवेन, मान पुढे कर त्याची. चालवताना मागे काय बघतोस?”

रूबीने अंगठ्याने ड्रायव्हरची मान पुढे वळवली.