घोडीचे नाव सापडते, पणजीचे नाही: प्रकाशा ते कोरीट

माझा चुलत भाऊ सुधाकर घराण्याचा कुलवृत्तांत छापतो आहे. त्यात आमच्या पणजीच्या चौकटीत ‘नाव उपलब्ध नाही’ असे लिहून तो मोकळा झाला. म्हणून मला आधी आमच्या मूळ मुलखात, नंदुरबारला जावे लागले आणि आता हे लिहावे लागते आहे. पणजोबा उखाजींना दीड पान आहे, त्यातले अर्धे त्यांच्या घोडीवर. घोडीचे नाव उपलब्ध आहे.

“अक्का, त्या काळी बायकांची नावं कोण लिहीत होतं?” सुधाकर फोनवर म्हणाला. तो शोधायला खुर्चीतूनही उठला नव्हता.

नाशिकहून साक्रीमार्गे एसटी पकडली. बायकांना अर्धे तिकीट. पाठ दुखत असेल तर मागची जागा घेऊ नका. नंदुरबारला स्टेशनजवळ लॉज आहेत, पण पैसे देण्याआधी खोली पाहा. मला दाखवलेल्या पहिल्या खोलीची खिडकी भिंतीवर उघडत होती. शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी मात्र उत्तम. हिवाळ्यात गावाबाहेर मिरच्या वाळत असतात, रुमाल जवळ ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशाला गेले. तापीकाठच्या उपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात. आमच्या घराण्याचे सात पिढ्यांचे पुरुष त्यांनी न अडखळता वाचले. उखाजींपुढे पत्नी म्हणून एवढेच होते: ‘कोरीटवाली’.

“हे नाव आहे का?” मी विचारले.

“बाईला माहेरच्या गावावरूनच ओळखायचे, ताई. तशीच लिहायची पद्धत.”

पद्धत. आमच्याकडे आळसाला हा शब्द आहे. पण गाव तर कळले.

दुपारी रिक्षाने कोरीट. एका ओट्यावर म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती. उखाजींचे नाव सांगताच तिने हात थांबवला.

“म्हनजे भुरीमायनी पणती शे तू?”

भुरीमाय, म्हणजे भुराबाई. म्हातारीने सगळे सांगितले. उखाजी गेले तेव्हा भुराबाई तरुण होती. “सासरनास्नी पोऱ्या ठी लिधा, तिले धाडी दिधी.” मुलगा ठेवून घेतला, तिला धाडून दिले. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. माहेरी येऊन ती सुईण झाली. “मन्हा बाप तिन्हाच हातवर व्हयना. आख्खं गाव तिन्हा हातवर व्हयनं. आन तुम्हीन आते उनात का, माय?”

हो, आम्ही आत्ता आलो होतो. मी तिच्याबरोबर शेंगा सोलत बसले.

पण सुधाकरला ओट्यावरचे बोलणे पुरावा वाटणार नव्हते. तिसऱ्या दिवशी जुन्या नोंदींच्या कचेरीत गेले. सोबत मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी होते. कारकुनाने विचारले, “जातीच्या दाखल्यासाठी?”

“नाही. पणजीसाठी.”

“मग दाखला कसला पाहिजे?”

“कसलाच नाही. नाव पाहिजे.”

त्याने कीव केल्यासारखे पाहिले आणि लाल फडक्यातली कोरीटची बाडे आणून दिली.

जन्मनोंदीत बापाचे नाव होते. बाळापुढे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आईचा पत्ताच नाही. मी वही मिटणार होते, तेवढ्यात गुरुजींनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. खबर देणार: भुरा सुईण. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावरही. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकातल्या एका मृत्युनोंदीत ती स्वतः होती, ‘भुराबाई, उखाजीची विधवा’. खबर देणारा गावचा कोतवाल. पोटचा मुलगा एका दिवसाच्या वाटेवर होता.

रात्री सुधाकरला फोन केला. तो म्हणाला, “नाव घालू. पण सुईणीचं नको, अक्का. मुलींची लग्नं व्हायची आहेत. ‘धार्मिक वृत्तीच्या’ लिहितो.”

तिच्या धार्मिक वृत्तीची एकही नोंद मला मिळालेली नाही, असे मी त्याला सांगितले.

घरी येऊन आठवडा झाला. मिरचीचा वास स्वेटरला अजून आहे. माझ्या आजोबांना आईची आठवण काढताना मी कधी ऐकले नाही. लहानपणी ते मला शांत स्वभावाचे वाटायचे. आता तसे वाटत नाही.

काल सुधाकरच्या हाती दिले: कोरीटच्या जन्मनोंदींच्या अकरा नकला. मृत्युनोंदीची एक. गुरुजींनी केलेले देवनागरी वाचन, त्यांच्या सहीसह. चौकटीसाठी मजकूर, माझ्या हस्ताक्षरात: ‘भुराबाई, कोरीटची सुईण’. शेवटचा शब्द त्याने माझ्यासमोर खोडला. मी तो पुन्हा लिहिला. पोच म्हणून त्याची सही त्या शब्दाच्याच खाली घेतली.