उकळत्या कोषांचा वास

आर्णीत माझी एक खोली आहे. तिथे मी जुन्या रेशमी साड्यांना दोऱ्याने घट्ट गाठी मारते, निळीत बुडवते आणि त्यांचे स्टोल करते. शिबोरी म्हणतात या जपानी रंगाईला. आज एक साडी गरम पाण्यात टाकली आणि ओल्या रेशमाच्या उग्र वासाने मी मागे सरले.

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी फुलसावंगीला आत्याकडे गेले होते. तिने रेशीमकिडे पाळले होते. मी त्यांना तुतीचा पाला घालायची, गार, मऊ अळ्या तळहातावर घेऊन बसायची. पुढे त्यांनी स्वतःभोवती पांढरे कोष विणले, आणि एका दुपारी आत्याने ते कोष उकळत्या पाण्यात ओतले.

सडक्या मासळीसारखा वास अंगणभर पसरला. मी पाण्यातून काढून ठेवलेला एक कोष उचलून दाबला, तर आतला तपकिरी, लिबलिबीत किडा बोटांवर फुटला. मी तिथेच ओकले.

"काहून वं, एवढ्यानं?" आत्या हसली. "जित्ते ठेवले तं कोष फोडून निंघतात. मंग धागा कुठून भेटन?"

त्या हसण्याची मला किड्याहून जास्त किळस आली. पुढे कितीतरी वर्षं तिच्या हातचा घास घशाखाली उतरत नसे. नवं रेशीम तर मी आजही घेत नाही.

मागच्या महिन्यात आत्या आली, तेव्हा मी तिला एक स्टोल दिला. तिने तो नाकाशी नेला आणि तोंड वाकडं करून परत केला.

"सुंदर आहे, पण मले नको. त्या दिवशी तुह्यासमोर हासली, अन् मंग गोठ्यामागं जाऊन मी बी ओकली होती."