तिसऱ्या दिवशीचं स्टालिनग्राड

दुसरं महायुद्ध आम्ही दोघे भाऊ एकाच पद्धतीने शिकवायचो. म्हणजे पद्धत थोरल्याची, भाऊंची, मी ती उचललेली. ते अकोल्याच्या एका हायस्कुलात इतिहासाचे मास्तर, मी अमरावतीजवळ वलगावात. वर्गाच्या फरशीवर खडूने युरोप काढायचा. जर्मन फौज म्हणून सरकी मांडायची, रशियन फौज म्हणून तुरीचे दाणे. सरकी पार व्होल्गेच्या काठापर्यंत न्यायची आणि मग तिला तुरीने वेढा घालायचा. तिथे भाऊ हात झटकून मुलांना विचारायचे, आता जिंकणार कोण? उत्तर सगळ्यांनाच यायचं. त्यानंतरची दोन वर्षं आणि त्यात मेलेली लाखो माणसं आम्ही एका तासिकेत उरकायचो. परीक्षेत प्रश्न ‘निर्णायक वळण’ एवढाच असायचा.

निवृत्तीनंतर भाऊंनी गावाकडचं चार एकर स्वतः करायला घेतलं. पेन्शन होती, पोटाची चिंता नव्हती. शेत पडीक ठेवणं पटत नव्हतं, इतकंच. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि फवारायला कोणी तयार नव्हतं. आसपासच्या गावांतली माणसं फवारणीनंतर दवाखान्यात गेलेली सगळ्यांनी पाहिली होती. भाऊंनी तोंडाला दुपट्टा बांधला आणि पंप स्वतःच पाठीवर घेतला. झाडं उंच, नळी वर धरावी लागायची. वाऱ्याने औषध दुपारपर्यंत त्यांच्याच अंगावर पडत राहिलं.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. अकोल्याला पोचलो तोवर भाऊंना दवाखान्यात दाखल केलं होतं. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. वॉर्डात जवळजवळ सगळे फवारणीचेच. एकाच पलटणीतली माणसं झोपवावीत तसे.

दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले. मला पाहून म्हणाले, “पंप शेतातच राह्यला, गड्या. डंकर्क झालं. मानसं वाचली, सामान तिकडंच.”

वहिनी म्हणाल्या की बोलायला लागले म्हणजे बरे आहेत, आता गप्प कसे बसवायचे ते सांगा. त्या आल्यापासून पहिल्यांदाच हसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी भाऊंनी वाटीभर खिचडी खाल्ली. पेपर मागितला, अक्षरं दिसेनात म्हणून मला वाचायला लावला. वहिनी अंघोळीला घरी गेल्या. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. वयाने लहान, दोन रात्री झोपलेल्या नसाव्यात. हात न टेकता डोकं उशीवरून उचला, असं त्यांनी भाऊंना सांगितलं. डोकं चार बोटं वर आलं आणि पडलं. पुन्हा सांगितलं, तेव्हा तेवढंही आलं नाही.

त्या मला बाहेर घेऊन गेल्या. हे विष उतरल्यासारखं वाटतं, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी श्वासाचे स्नायू थकू शकतात, मान न उचलणं ही त्याची खूण आहे, असं त्यांनी समजावलं. त्यांच्याकडची श्वासाची सगळी मशीनं लागलेली होती. फाटकाशी रुग्णवाहिकेची गाडी उभी होती. आजच नागपूरला न्या, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. अस्पष्ट काहीच नव्हतं, हे मला लिहायलाच हवं.

मी खाटेशी परत आलो आणि भाऊंना अर्धंच सांगितलं, नागपूरचं. श्वासाचं गाळलं.

भाऊंनी विचारलं, “मंग जावाचं काय नागपूरले? तूच सांग. माह्यं डोकं चालून नाही राह्यलं.”

मी त्यांच्या ओठाला चिकटलेलं खिचडीचं शीत पाहिलं, मांडीवरचा पेपर पाहिला. पाच तासांचा खड्ड्यांचा रस्ता डोळ्यांपुढे आला. मी म्हणालो, “आता काय गरज नाही, भाऊ. वळण झालं. हे स्टालिनग्राड समजा. आता फक्त बर्लिनपर्यंत चालत जावाचं हाय.”

त्यांनी मान हलवली. मास्तराला मास्तराचं पटलं. मी खाली जाऊन, नेत नाही अशा कागदावर सही केली आणि गाडी परत पाठवली.

त्या युद्धात नॉर्मंडीच्या विजयानंतर, शत्रू संपला असं दोस्तांचे सेनापती धरून चालले असताना, हरत आलेली जर्मन फौज आर्देनच्या जंगलात बर्फातून उलटून आली होती. ते आम्हा दोघांना माहीत होतं. पण तो भाग आम्ही कधी शिकवला नाही. परीक्षेला नसायचा.

चौथ्या दिवशी सकाळी चहाचा घोट भाऊंना गिळता येईना. आवाज बारीक होत गेला. पोट हलायचं, छाती हलायची नाही. दोन नर्स आळीपाळीने हातातली पिशवी दाबून त्यांना श्वास देत राहिल्या. दुपारी एक मशीन मोकळं झालं. शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला म्हणून मोकळं झालं. ते भाऊंना लावलं. पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तेही काढलं.

तेरवी झाल्यावर सगळे पांगले. वहिनी भांडी पुसत होत्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, “भाऊजी, त्या दिवशी गाडी आल्ती म्हनते. काहून नाही नेलं यायले?”

मी म्हणालो, “भाऊच नाही म्हणाले.”

त्यांचा हात थांबला. मग त्या म्हणाल्या, “हो. आपलंच खरं करत आले जन्मभर. माह्या तरी विचार करावा लागत होता.”

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी दर दिवाळीला अकोल्याला जातो. भिंतीवर वहिनींच्या आईवडिलांचा फोटो आहे, भाऊंचा त्यांनी लावलेला नाही. पाहुण्यांनी विषय काढला की त्या सांगतात, गाडी दारात उभी होती, पण यानं ऐकलं नाही, मले टाकून गेला. त्या आता भाऊंना ‘ते’ म्हणत नाहीत, एकेरीत बोलतात. मग साक्षीला माझ्याकडे वळतात, इचारा भाऊजीले, ते होते तिथं. मी मान हलवतो. त्या मला आणखी अर्धा कप चहा ओततात आणि मी तो पितो.